आधी सा शोध: ब्राम्सच्या पानावर अडकलेल्या दुसऱ्या हॉर्नची गोष्ट

मंगळवारची रिहर्सल होती, शाळेच्या हॉलमधे, जर्मन संगीतकार ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीचा चौथा भाग काढला होता. सुरुवातीचा सी मायनरचा सगळा अंधार संपत येतो, टिंपनीचा, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांचा, गडगडाट विरतो, व्हायोलिनं दबक्या आवाजात थरथरत राहतात आणि त्यावर पहिला हॉर्न (गोल वळवलेल्या पितळी नळीचं फुंकायचं वाद्य) अल्पहॉर्नची, म्हणजे आल्प्समधल्या लांब लाकडी शिंगाची, ती धून सुरू करतो. ई, डी, सी आणि मग खालचा जी. म्हणजे ग, रे, सा आणि खालचा प. या धुनेतल्या लांब सुरांवर दुसऱ्या हॉर्ननं येऊन त्याच सुराला मिळायचं असतं, म्हणजे पहिल्याला श्वास घ्यायला फट मिळते आणि ऐकणाऱ्याला धून कुठेच तुटलेली कळत नाही. ब्राम्सनं हे मुद्दाम असं वाटून लिहिलंय. तर आमचा दुसरा हॉर्न आला, छान भरदार आवाजात आला, आणि सा च्या जागी थेट म लागला. कंडक्टर थांबले, शांतपणे म्हणाले, दुसरा हॉर्न, हे इन सी आहे. परत घेतलं. परत म. तिसऱ्यांदा त्यानं वाजवलंच नाही, हॉर्न मांडीवर ठेवून पानाकडे बघत बसला.

मी त्याच्या शेजारी तिसरा हॉर्न वाजवते. दक्षिण जर्मनीतल्या एका छोट्या गावातला हौशी ऑर्केस्ट्रा आहे आमचा, मी अकरा वर्षं आहे तिथे. हा मुलगा पुण्याचा, मास्टर्ससाठी आलेला, शाळेत असताना बँडमधे ट्रम्पेट वाजवायचा आणि इथे आल्यावर हॉर्नच्या प्रेमात पडून तीन वर्षं नीट शिकला. आवाज सुंदर आहे त्याचा, हे आधीच सांगते, कारण त्या दिवशी हॉलमधल्या बऱ्याच जणांना वाटलं की पोराला जमत नाहीये. जमत होतं. जे वाचत होता ते अगदी बरोबर वाजवत होता, फक्त पान एका पट्टीत होतं आणि तो दुसऱ्या पट्टीत. कॉन्सर्टला सहा आठवडे होते. रिहर्सल संपल्यावर बाहेर सायकलींपाशी मला म्हणाला, "ताई, मला जे दिसतंय तेच मी वाजवतोय हो, मग चुकतंय कुठे?" त्या सहा आठवड्यांत आम्ही काय काय केलं, काय फसलं आणि शेवटी काय लागू पडलं ते सगळं लिहून ठेवतेय, कारण या खड्ड्यात हॉर्न शिकणारा प्रत्येक जण एकदा पडतोच आणि मराठी माणसाकडे यातून वर यायची एक शिडी आधीपासून असते, ती वापरायचं मात्र कुणाला सुचत नाही, मलाही सुचायला वेळ लागला.

आधी हे असं का असतं ते. आजचा हॉर्न एफ चा असतो, म्हणजे पानावर सी लिहिलेला असला की हवेत एफ ऐकू येतो, एक पंचम खाली. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर आपला सा पांढरी चारला. एफ च्या पानावर काही अडचण नाही, तीन वर्षं त्यानं सगळं एफ मधेच वाचलेलं. पण ब्राम्सनं पहिल्या दोन हॉर्नना इथे सी चं पान दिलंय आणि तेही खालच्या सी चं, म्हणजे पानावरच्या सी ला पांढरी एक वाजायला हवी, लिहिलंय त्याच्या एक सप्तक खाली. एफ चा हॉर्न घेऊन ते पान जसंच्या तसं वाचलं की प्रत्येक सूर शुद्ध मध्यमाइतका वर जातो. म्हणूनच आम्हाला सा च्या जागी म ऐकू आला.

आता ब्राम्सनं असं का केलं? जुन्या हॉर्नला वाल्व्ह, म्हणजे बोटानं दाबून नळीची लांबी बदलायच्या कळा, नव्हतेच. एक लांबलचक नळी, फुंकून आणि ओठ आवळून त्यातून जेवढे नैसर्गिक सूर निघतील तेवढेच आपले. दुसऱ्या पट्टीत वाजवायचं तर नळीचा एक तुकडा, क्रूक म्हणतात त्याला, काढायचा आणि दुसऱ्या लांबीचा बसवायचा. एफ साठी सगळी नळी साधारण १२ फूट, सी साठी १६ फूट, वरच्या बी फ्लॅटसाठी (फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर उतरलेला) ९ फूट. क्रूक बदलला की सा बदलला, पण वाजवणाऱ्याला पानावर कायम सी, ई, जी असंच दिसायचं, कारण त्याच्या ओठांसाठी ते तेच सूर होते, नळीच्या नैसर्गिक सुरांतले चौथा, पाचवा, सहावा. पानाच्या वर इन डी, इन ई फ्लॅट, इन सी असं लिहिलेलं असायचं त्याचा अर्थ एवढाच की आज कुठला क्रूक लावायचा. वाल्व्ह आले १८१० च्या दशकात, श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी त्याचं पेटंट १८१८ मधे घेतलं, आणि ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली ४ नोव्हेंबर १८७६ ला कार्ल्सरूहमधे. म्हणजे वाल्व्हला साठ एक वर्षं होऊन गेली होती तरी ब्राम्स जुन्या हॉर्नसारखंच लिहीत होता. त्याचे वडील हॉर्न वाजवायचे, तो स्वतः लहानपणी तो बिनवाल्व्हचा हॉर्न शिकला होता आणि त्या आवाजावर त्याचा जीव होता, १८६५ चं हॉर्न त्रिकूट तर त्यानं त्याच वाद्याला धरून लिहिलं. मला हे हट्टीपणाचं अजिबात वाटत नाही. त्या पानांमधे हॉर्न हॉर्नसारखा वागतो, नुसता सूर भरायला बसवलेला नसतो.

तर पहिला उपाय. मुलगा इंजिनियर, दोन दिवसात त्यानं अख्खं पान कॉम्प्युटरवर टाइप करून एफ मधे बदलून छापून आणलं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, खूप हौशी लोक करतात, आणि त्या मंगळवारी त्यानं जवळपास सगळं बरोबर वाजवलं. पण टाइप करताना तीन ठिकाणी शार्प, म्हणजे सूर अर्धा स्वर चढवायच्या खुणा, राहून गेले होते, रिहर्सलच्या खुणेची अक्षरं त्यानं घातलीच नव्हती त्यामुळे कंडक्टर "एफ पासून" म्हणाले की हा पानं चाळत बसायचा. आणि मग दुसऱ्या आठवड्यात काही वादक ट्रॅफिकमधे अडकले म्हणून कंडक्टरनं तोवर मोत्सार्टची चाळिसावी काढली. तिथे पहिला हॉर्न बी फ्लॅटमधे आणि दुसरा जी मधे, एकाच जोडीला दोन वेगळ्या पट्ट्या! मोत्सार्टनं ते का केलं तर जी मायनरमधे एका क्रूकवर पुरेसे सूर मिळत नाहीत, दोन वेगळे क्रूक असले की दोघांचे मिळून जास्त सूर हाताशी येतात, फार हुशार युक्ती आहे ती. पण आमच्या मुलाकडे त्याचं छापलेलं पान नव्हतं आणि तो पूर्ण वीस मिनिटं गप्प बसून राहिला. घरी जाताना मला म्हणाला, ताई मी आयुष्यभर टाइप करत बसणार का.

मग दुसरा उपाय, जो सगळे शिकवतात आणि मलाही तसंच शिकवलं होतं. अंतर मोजायचं. सी चं पान असेल तर प्रत्येक सूर एक चतुर्थ खाली, ई फ्लॅट असेल तर एक पूर्ण स्वर खाली, ई असेल तर अर्धा स्वर खाली, डी असेल तर लहान तिसरा खाली, जी असेल तर एक स्वर वर, ए असेल तर मोठा तिसरा वर. तक्ता पाठ केला त्यानं, कोप्राशचे एट्यूड, म्हणजे सरावाचे तुकडे, घेऊन रोज अर्धा तास बसला, तेच एट्यूड सगळे हॉर्नवाले यासाठी वापरतात. संथ जागी जमायला लागलं. पण पहिल्या भागातलं जलद अ‍ॅलेग्रो आलं की कोसळायचं, कारण एकेका सुराला गणित करून तेवढा वेग येतच नाही. त्याची एक चूक मी तीनचार वेळा जवळून बघितली. पानावर बी आला की तो डोळ्यांनी तीन घरं खाली मोजायचा आणि एफ वाजवायचा. घरं बरोबर, सूर चूक, कारण बी पासून शुद्ध चतुर्थ खाली एफ शार्प येतो, साधा एफ नाही, आणि पानावर तिथे कुठलीच खूण नसते जी आठवण करून देईल, जुन्या हॉर्नच्या पानाला तर सुरुवातीला की सिग्नेचर (कुठले सूर कायम शार्प किंवा फ्लॅट ते सांगणारी खूण) सुद्धा नसते. दर वेळी तो एफ इतका कडू लागायचा की समोर बासून हे वाद्य वाजवणाऱ्या बाई मागे वळून बघायच्या, रागानं नाही, पण त्याला ते लागायचं. मधेच मी त्याला क्लेफ, म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला सूर ते ठरवणारी सुरुवातीची खूण, बदलून वाचायची पद्धतही दाखवली, ई फ्लॅटच्या पानाला टेनर क्लेफ समजायचं, जी च्या पानाला आल्टो. ज्यांना ते क्लेफ लहानपणापासून येतात त्यांच्यासाठी ठीक आहे, त्याला येत नव्हते, एक दिवस वाया गेला.

आणि हे सगळं करताना माझ्या लक्षात येत होतं की खरी अडचण डोळ्यांची नाहीच, कानाची आहे. हॉर्नवर बोटं अर्धंच काम करतात. एकच वाल्व्ह दाबून ओठांच्या ताणानुसार सात आठ वेगवेगळे सूर निघू शकतात, खाली ते लांब लांब असतात पण वर गेलं की एकमेकांना चिकटून बसलेले असतात, आठव्या हार्मोनिकच्या, म्हणजे आठव्या नैसर्गिक सुराच्या, वर तर एका बोटावरच जवळजवळ अख्खी सरगम आहे. त्यामुळे फुंकायच्या आधी सूर डोक्यात वाजलेला नसेल तर बोट बरोबर असूनही शेजारचा सूर लागतो. हा मुलगा गणित करून बोट शोधत होता पण त्याच्या डोक्यात काहीच वाजत नव्हतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे पानावरचा सूर एफ च्या सवयीनं वाजत होता आणि बोटं दुसरीच, दोन्हीची झटापट व्हायची आणि सूर फुटायचा.

चौथ्या आठवड्यात रविवारी त्याला जेवायला बोलावलं. जेवताना असंच बोलता बोलता कळलं की आजोबांबरोबर तो लहानपणी भजनाला पेटी धरायचा, चांगली पाच सहा वर्षं. मी हातातली पोळी ठेवली. विचारलं, अरे, रोजचे बुवा काळी एकला गातात आणि एक दिवस पाहुणे बुवा आले, ते म्हणाले पांढरी पाचला घे, तर तू काय करायचास? म्हणाला, "काय करायचं त्यात, सा हलवायचा, बाकी हात आपोआप जातो." प्रत्येक सूर मोजून सहा घरं खाली न्यायचास का? "नाही हो ताई, असं कोण वाजवेल." आणि मग तो एकदम गप्प झाला, आमटी तशीच राहिली, उठून बॅगेतून ब्राम्सचं पान काढून आणलं.

जुनं हॉर्नचं पान हे सरगमच आहे. सी म्हणजे सा. क्रूक कुठलाही असो, लिहिलेला सी म्हणजे त्या दिवसाचा सा, जी म्हणजे प, ई म्हणजे ग. वर लिहिलेलं इन सी किंवा इन ई म्हणजे बुवांची पट्टी. आपल्याला फक्त आपल्या एफ च्या हॉर्नवर तो सा कुठे सापडतो एवढं शोधायचं. सी चं पान असेल तर सा आपल्या बोटांच्या जी वर. ई चं असेल तर बी वर, ई फ्लॅटचं असेल तर बी फ्लॅटवर, डी चं असेल तर ए वर. तिथून पुढे रे ग म प हात आपोआप जातो, आणि नी हा नीच असतो, तो एफ आहे का एफ शार्प हा प्रश्नच येत नाही.

त्या दुपारी त्याला मी हॉर्नला हातच लावू दिला नाही. फोनवर तानपुरा लावला, पांढरी एक, आणि पान समोर ठेवून सरगम गायला सांगितली. ग रे सा, खालचा प. पहिल्यांदा दबकत, दुसऱ्यांदा मोकळ्या गळ्यानं. पुढे पानावर एफ शार्प आला तिथे थांबला, म्हणाला हा तर तीव्र मध्यम आहे. होच की. अल्पहॉर्नच्या नळीतून अकरावा हार्मोनिक निघतो तो आपल्या शुद्ध म आणि तीव्र म च्या मधे कुठेतरी पडतो आणि आल्प्समधल्या लोकांच्या कानाला तोच गोड लागतो, ब्राम्सनं ती धून १८६८ मधे त्याची मैत्रीण, पियानिस्ट क्लारा शूमानला वाढदिवसाला लिहून पाठवली होती, त्यातला तो सूर त्यानं सिम्फनीतही तसाच ठेवला. गळ्यातून तीव्र म लागला तेव्हा त्याला कळलं की तो उजेडाचा सूर आहे, चुकून वर गेलेला म नाही. मग हॉर्न घेतला. सा शोधला, एफ च्या नळीवर मोकळा जी, एकही वाल्व्ह दाबायला लागत नाही, उजवा हात भोंग्यात नेहमीसारखा. तानपुऱ्यावर सा धरला आणि खोलीतली काच थरथरली. ग रे सा प. एकाही ठिकाणी न अडखळता.

यात अडचणी आल्याच, त्या लपवत नाही. पुढच्या मंगळवारी दुसरा भाग सुरू झाला, वर इन ई लिहिलेलं, आणि हा डोक्यात जी वरचाच सा घेऊन बसलेला, चार बार (तालाचे चार गट) गेले तेव्हा भानावर आला. तेव्हापासून त्यानं प्रत्येक भागाच्या आणि जिथे जिथे मुटा लिहिलंय, म्हणजे क्रूक बदला, त्या प्रत्येक जागी पेन्सिलनं मोठ्या अक्षरात सा = बी, सा = जी असं लिहायला सुरुवात केली. मग एकदा उत्साहाच्या भरात माझं पान मागून घेतलं. तिसरा चौथा हॉर्न पहिल्या भागात ई फ्लॅटमधे असतात पण संगीत सी मायनरमधलं, आणि त्यानं गृहीत धरलं की गाण्याचा सा तोच पानाचा सा. नाही. पानाचा सा क्रूकचा असतो, काळी दोन, आणि गाण्याचा मुक्काम त्या पानाच्या ध वर पडतो. हे समजायला त्याला दोन रिहर्सल लागल्या, मला स्वतःला पूर्वी दोन वर्षं लागली होती म्हणून मी काही बोलले नाही. जर्मनीत राहिल्यामुळे आणखी एक गोंधळ, इथे बी म्हणजे बी फ्लॅट आणि साध्या बी ला एच (H, उच्चार 'हा') म्हणतात, त्यामुळे पानावर इन बी लिहिलेलं असेल तर आधी पान कुठल्या देशात छापलंय ते बघायचं.

आणि एक मर्यादा आहे ती मान्य करायला हवी. जिथे संगीत भराभर पट्ट्या बदलतं, शार्प फ्लॅट नुसते कोसळत असतात, तिथे सरगम धरून बसलं तर उलट पाय अडकतो, तिथे अंतराचं गणितच कामाला येतं, आणि त्यासाठी केलेले कोप्राशचे अर्धे तास फुकट गेले नाहीत. पण बिनवाल्व्हच्या हॉर्नसाठी लिहिलेली पानं, हायडन, मोत्सार्ट, बेटहोवेन, वेबर, आणि मनानं ब्राम्सही, ती सगळी एका सा भोवती फिरतात कारण त्या नळीला दुसरं काही येतच नव्हतं. मला राहून राहून जुन्या मुंबईच्या स्टुडिओंची आठवण येते, तिथे संगीतकार चाल सरगममधे सांगायचे आणि गोव्याचे वादक तीच स्टाफवर, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्य लिपीत, उतरवून घ्यायचे, दोन लिप्या एका खोलीत रोज बसायच्या. मी डोंबिवलीत क्लासला सरगम शिकले, इथे येऊन स्टाफ शिकले, आणि इतकी वर्षं दोन्ही वेगवेगळ्या कपाटात ठेवली. त्या मुलाच्या आजोबांच्या पेटीनं ती कपाटं उघडली असं मला मनापासून वाटतं.

कॉन्सर्टच्या दिवशी पहिल्या भागात त्याचा एक सूर फुटला, वरचा प, घाबरून ओठ आवळले गेले. बाकी नीट गेलं. चौथ्या भागात टिंपनी सुरू झाली तेव्हा मी कडेनं बघितलं, तो ओठ मिटून गळ्यातल्या गळ्यात सा धरून बसला होता. पहिला हॉर्न वाजवणारे आमचे आजोबा सत्तरी पार केलेले, त्यांनी धून सुरू केली, लांब सूर आला, त्यांचा श्वास संपत आला आणि हा आत शिरला, इतक्या अलगद की माझ्या इतक्या जवळ बसूनही मला जोड कळली नाही. मागून ट्रॉम्बोन आले, तीन भाग गप्प बसलेले बिचारे, त्यांचा तो कोरालसारखा, म्हणजे चर्चमधल्या स्तोत्रासारखा, तुकडा, आणि मग परत हॉर्न. संपल्यावर आजोबांनी काही न बोलता त्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

पुढच्या सीझनची फाइल गेल्या आठवड्यात मिळाली, बेटहोवेनची सातवी आहे, पान इन ए, म्हणजे वर चढायचं आणि ओठांची परीक्षा. त्यानं उघडल्या उघडल्या वर पेन्सिलनं लिहिलं, सा = ई. एक गोष्ट अजून बाकी आहे. दुसरा हॉर्न म्हणजे खालचा हॉर्न, त्यामुळे त्याला बास क्लेफमधल्या जागा येतात आणि जुन्या पद्धतीत त्या एक सप्तक खाली लिहिलेल्या असतात, लिहिलंय तसं वाजवलं तर खूप खोल जातं. ते अजून त्याच्या अंगवळणी पडलेलं नाही, या रविवारी परत बोलावलंय त्याला, तानपुरा घेऊन त्यावरच बसायचंय.